ओकच्या फळांची पक्की प्रत

अमेरिकेतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साड्या मिळतात, दागिने मिळतात, रविवारी सकाळी गरम जिलेबी मिळते. ओकचे झाड मात्र शोधावे लागते. त्या रस्त्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात खिडकीलगत माझे टेबल आहे आणि तिथे बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. पासपोर्टचे नूतनीकरण, पुण्यातल्या फ्लॅटचे मुखत्यारपत्र, गावाकडच्या सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी म्हणून तहसीलदारांना विनंती, असे नाना प्रकार माझ्याकडे येतात. दिवसभर संगणकावर मोठमोठे व्यवहार हाताळणारी माणसे तलाठ्याला चार ओळी लिहायच्या म्हटल्या की घामाघूम होतात. "काका, जरा स्ट्राँग लिहा ना यार," असे म्हणत ती समोर बसतात. मी स्ट्राँग लिहीत नाही. मी योग्य लिहितो.

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि तहसील कचेरीच्या आवारात मी जी उमेदीची वर्षे काढली, त्यांनाच मी माझे महाविद्यालय मानत आलो आहे. धाकट्या भावाने दाखल केलेल्या अर्जावर आम्ही पती-पत्नी अमेरिकेत आलो, तेव्हा माझ्या या विद्येचा इथे काय उपयोग, अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखवली होती. त्या सर्वांचे अर्ज आज मीच लिहितो.

एका सप्टेंबरात माझ्या भाचीचा फोन आला. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज येथे ती जंगलांविषयी संशोधन करते.

"मामा, तुझे डोळे कसे आहेत?"

"लांबचे उत्तम. जवळचे चष्म्याने."

"मला लांबचेच हवेत. ये ना आठवडाभर. माझ्या मोजणीच्या पार्टनरचा पाय फ्रॅक्चर झालाय आणि ओक मोजायचे आहेत."

"झाडे मोजायला मी कशाला? कोणीही मोजील."

"झाडं नाही रे, झाडांवरची फळं!"

मग तिने सविस्तर सांगितले. ओकला सुपारीएवढे, डोक्यावर टोपी घातल्यासारखे फळ येते; त्याला इथे एकॉर्न म्हणतात. ते दरवर्षी सारखे येत नाही. एखाद्या वर्षी झाड लगडते, मग दोन-तीन वर्षे रुसून बसते. तिच्या अभ्यासाचा जो डोंगरउतार होता, तिथले मोठे ओक येत्या हिवाळ्यात तोडायचे, असे वनखात्याच्या योजनेत ठरलेले होते. फळ नसलेल्या वर्षी तोड झाली, तर तिथे पुन्हा ओक उगवत नाही, मेपल माजतो. आणि उगवलेच एखादे रोप तर हरणे ते खाऊन टाकतात. मात्र यंदा फळ भरघोस आहे असे विश्वासार्ह आकड्यांनी दाखवता आले, तर नवी रोपे तगेपर्यंत तोड पुढे ढकलून उताराला हरणांसाठी उंच कुंपण घालायला वनाधिकारी बाई तयार होत्या. भाची तीन वर्षे त्या उतारावर राबत होती. हे सर्व तिने एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणाली, "फळं गळायच्या आत मोजायला हवं, मामा. गळली की संपलं."

म्हणजे हेही एक प्रकरणच होते. अर्जदार झाडे, प्रतिवादी कुऱ्हाड, आणि पुरावा फांद्यांवर लटकलेला. मी होकार दिला.

"अहो, जंगलात जाऊन कोणाचे अर्ज लिहिणार आता?" सौभाग्यवतींनी विचारले आणि दशम्यांचा डबा हातात ठेवला.

बसने स्टेट कॉलेजला पोचलो. भाची दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरच्या एका मैत्रिणीबरोबर राहते. ही मैत्रीण संगणकशास्त्र शिकते आणि एक जुनी मोटार बाळगून आहे. तिने मला पाहताक्षणीच "मामाजी" करून टाकले आणि दशम्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हा दोघांना उताराच्या पायथ्याशी सोडले. धनुष्यबाणाने शिकार करण्याचे दिवस असल्यामुळे हरीण समजून कोणी बाण मारू नये, म्हणून भाचीने मला भडक केशरी जाकीट घालायला दिले. ते मला शोभत होते, हे मी नमूद करतो. गळ्यात दुर्बीण आली. मोजण्याची रीत अशी: प्रत्येक झाडाला पत्र्याची छोटी नंबरपट्टी ठोकलेली असते. एकाने झाडाच्या एका बाजूला उभे राहायचे, दुसऱ्याने दुसऱ्या. तिने "चालू" म्हटले की दुर्बीण वर करायची आणि ती "बस" म्हणेपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट, दिसतील तेवढी फळे मोजायची. मग ज्याचा त्याने आपला आकडा आपल्या कागदावर लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचे.

"एवढ्या थोड्या वेळात सगळी कशी मोजून होतील?" मी विचारले.

"सगळी मोजायचीच नाहीत. सगळ्या झाडांना तेवढाच वेळ दिला, की कुठल्या झाडावर जास्त आणि कुठल्यावर कमी ते कळतं. अंदाज असतो हा."

अंदाज हा शब्द मला परका नाही. 'अंदाजे क्षेत्र' आणि 'अंदाजे किंमत' यांवर मी निम्मे आयुष्य काढले आहे.

वर पाहण्याचे काम मात्र वाटते तेवढे सुलभ नाही. मान पाठीकडे मोडते, पाने हलतात, ज्याला फळ समजावे ते पान निघते आणि ज्याला पान समजावे त्यातून तीन फळे डोकावतात. पांढऱ्या ओकची फळे फिकट हिरवी, पानांतच मिसळून जाणारी. मध्येच एखादा निळा पक्षी येऊन मोजलेले फळ चोचीत घेऊन निघून जाई आणि माझा हिशेब बिघडवी. खाली वाळलेल्या पानांत खारींची धावपळ चाललेली. एका मोठ्या खडकापाशी तर ऊन थेट डोळ्यांवर आले.

"मला काही दिसत नाही!" मी ओरडलो.

"जे दिसेल ते लिही!" पलीकडून उत्तर आले.

मी लिहिले. चार दिवसांत आम्ही तो अख्खा उतार, वरच्या कड्यालगतच्या पट्ट्यासह, मोजून संपवला. शेवटच्या संध्याकाळी दोघी आमटी-भात करण्यात गुंतल्या होत्या, तेव्हा मी कागदांचे गठ्ठे पुढ्यात घेतले. भाचीचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझे चालताना लिहिलेले, त्यावर चिखलाचे डाग. असे कागद सरकारदरबारी जाऊ देणे माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने अशक्यच होते. मी समास आखले, शीर्षकाखाली दुहेरी रेघ ओढली आणि सर्व आकड्यांची पक्की प्रत तयार केली.

सकाळी भाचीने ती पाहिली.

"मामा, काय सुंदर अक्षर आहे रे तुझं!"

"सुंदर असायलाच हवे. अधिकाऱ्याची नजर आधी कागदावर पडते, मग मजकुरावर."

ती लॅपटॉप उघडून आकडे भरू लागली. मी चहा घेत खिडकीपाशी बसलो. थोड्या वेळाने टंकलेखनाचा आवाज मंदावला, मग थांबला.

"मामा, त्या मोठ्या खडकापाशी तुला काही दिसत नव्हतं ना?"

"ऊन होते."

"मग तुझा आकडा माझ्याइतका कसा?"

"तुझ्याइतका कुठे? एकाने कमी आहे."

"तेच विचारतेय. सगळीकडेच एकानं नाहीतर दोनानं कमी-जास्त आहे."

आता तिला समजावून सांगणे क्रमप्राप्त होते. मी कप खाली ठेवला. "बाळ, मूळ कागदांत आपल्या दोघांच्या जबान्यांत फार तफावत होती. कुठे तुला चाळीस दिसली, तिथे मला पंचवीस. असे दोन साक्षीदार उभे केले तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात प्रकरण निकालात काढील. म्हणून मी दोघांच्या मधला आकडा काढला. आता तो दोन्हीकडे तंतोतंत ठेवला असता, तर साक्षीदार पढवलेले आहेत असे म्हणायला जागा झाली असती. सबब थोडा नैसर्गिक फरक राखला. यालाच अनुभव म्हणतात."

नागपूरची मैत्रीण तोंडात टूथब्रश घेऊन दारात उभी होती. "बाप्पा!" एवढेच ती म्हणाली.

"मामा, कच्चे कागद कुठे आहेत?"

"फाडले."

"फाडले?"

"पक्की प्रत झाल्यावर कच्ची ठेवू नये. दोन प्रती फिरू लागल्या की घोटाळे होतात."

मैत्रीण तशीच, ब्रशासकट, जिना उतरून गेली आणि परत आली. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

भाची ओरडली असती तर मला बरे वाटले असते. ती खुर्चीत मागे टेकली आणि छताकडे पाहत राहिली, जणू तिथेही काही मोजायचे होते. मग शांतपणे म्हणाली, "मामा, आपल्या दोघांत किती फरक पडतो, त्यावरूनच ठरतं की आमच्या अंदाजावर किती विसंबायचं. फरक मोठा असला तरी चालतो. खरा असावा लागतो. तू तोच काढून टाकलास."

"अगं, पण सरासरी तर तीच राहिली!"

"सरासरी राहिली. पुरावा गेला."

हा शब्द तिने माझ्याच व्यवसायातून उचलला होता. साक्षीदारांविषयी मी जे म्हणालो ते कचेरीत आजही खरे आहे. परंतु झाडाविरुद्ध कोणी वकील उभा नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

"काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले तुम्ही दोघं?" मैत्रीण चूळ भरून आली होती. "पुन्हा मोजू न! शनिवार-रविवार मी पण येते."

"रविवारी वारा आहे," भाची फोन पुढे करून म्हणाली. हवामानाच्या नकाशावर एक करडे वादळ पेनसिल्व्हेनियाकडे सरकत होते. वारा सुटला की पिकलेली फळे खाली, आणि पुढच्याच आठवड्यात वनाधिकारी बाई उतार पाहायला येणार होत्या.

शनिवारी उजाडताच आम्ही उतारावर होतो. या खेपेस शिस्त कडक होती. भाचीने माझ्या पेन्सिलीच्या टोकाचा खोडरबर मोडून स्वतःच्या खिशात टाकला. पुढे तीही पेन्सिल काढून घेतली आणि मैत्रिणीला माझ्या शेजारी कारकून म्हणून उभे केले.

"मामाजी, तुम्ही फक्त बोला. मी लिहून राहिली."

"तेवीस. थांब, एक दिसायचे राहिले..."

"तेवीस लिहिलं."

"अगं, पण ते फळच आहे, पाहा ना..."

"टाइम संपला न, मामाजी! आता ते फळ खारीचं."

मी आयुष्यात प्रथमच तोंडी निवेदन देत होतो आणि दुसरे कोणी ते टिपून घेत होते. माझ्यासमोर बसणाऱ्या पक्षकारांना काय वाटत असेल, याची मला त्या दिवशी कल्पना आली. झाडाच्या पलीकडून भाचीची हाक येई, "झालं?" आणि मैत्रीण ओरडे, "झालं! तू सांगू नको, आम्ही पण नाही सांगत!" दुपारी आम्ही खडकावर बसून थेपले खाल्ले. खडकापाशी मला या वेळी ढगांमुळे पुष्कळ फळे दिसली आणि माझा आकडा भाचीच्या पुढे गेला, हे मला संध्याकाळी समजले. तेव्हा मी मनातल्या मनात फार खूश झालो.

रविवारी आम्ही वरच्या भागाकडे सरकलो. जेवणाची वेळ झाली नव्हती तोच पाने उलटी होऊ लागली. आधी झाडांच्या शेंड्यांत समुद्रासारखा आवाज आला, मग एक फळ माझ्या टोपीवर आदळले. दुसरे खांद्यावर. बघता बघता संपूर्ण उतार टपटपू लागला.

"पळा पळा पळा!" भाची ओरडली आणि पळाली ती खाली नाही, वर, पुढच्या झाडाकडे. आम्ही मागोमाग. डोक्यावर हात धरून, एका डोळ्याने दुर्बिणीतून पाहत आणखी काही झाडे उरकली. कड्यालगतचा पट्टा राहिला. तिथले ओक तर सर्वांत जुने, दोघांच्या कवेत न मावणारे. भाचीने दुर्बीण वर नेली, आणि खाली घेतली. फांद्या रिकाम्या होत चालल्या होत्या. मोजायचे ते जमिनीवर उड्या मारत होते.

"या झाडांपुढे काय लिहायचं?" मैत्रिणीने विचारले.

"निरंक लिहा," मी म्हणालो. "कचेरीत जागा कोरी सोडत नाहीत."

"निरंक म्हणजे फळंच नव्हती असं होईल, मामा. आपण बघितलंच नाही. कोरंच राहू दे."

कागदावरची ती कोरी जागा मला घरी परतेपर्यंत बोचत राहिली.

वनाधिकारी बाई ठरल्याप्रमाणे आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, चिखलाने भरलेल्या बुटांच्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले. त्यावर माझे अक्षर नव्हते, रेघा नव्हत्या. दोन रांगांत दोन माणसांचे न जुळणारे आकडे होते. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. इथे एकाला दुसऱ्याच्या निम्मीच फळे कशी दिसली, असे त्यांनी विचारले. भाचीने माझ्याकडे पाहिले.

"मॅडम, मोस्ट रिस्पेक्टफुली," मी सुरुवात केली, "माझ्या बाजूला एक मेपल मध्ये येतो."

बाई चालत त्या झाडापाशी गेल्या. मोजताना मी जिथे उभा होतो, नेमक्या तिथे उभ्या राहिल्या. वर पाहिले, मेपलची फांदी हाताने बाजूला सारली, सोडून दिली आणि हसल्या. "यस, इट डझ," असे त्या भाचीला म्हणाल्या. माझ्या एखाद्या अर्जाची इतक्या तातडीने स्थळपाहणी झाल्याचे मला स्मरत नाही.

निर्णय त्यांनी तिथेच सांगितला. मोजलेल्या संपूर्ण भागावरची तोड पुढे ढकलायची, कुंपण या शरदातच घालायचे. आणि कड्यालगतचा पट्टा? त्याचे आकडे नाहीत, तेव्हा तो ठरल्याप्रमाणे हिवाळ्यात जाईल. त्यांचा आवाज कठोर नव्हता. त्या जागी मी असतो तरी कागद पाहून हेच केले असते.

आम्ही मोटारीत बसलो. गाडी निघताच मी म्हणालो, "त्या पट्ट्यासाठी एक स्वतंत्र विनंतीअर्ज करतो. अत्यंत सविनय."

"सोबत काय जोडणार, मामा?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या पट्ट्याचे जोडपत्र मी एकदा मोजून लिहिले होते, आणि फाडलेही होते.

"एवढं तोंड नको पाडू," भाची म्हणाली. "मला मोठा भाग मिळालाय. मला वाटलं होतं, सगळंच जाणार." मग एकदम पुढे वाकून मैत्रिणीला म्हणाली, "गाडी वळव. त्या अजून तिथंच असतील."

त्या तिथेच होत्या. भाचीने विचारले, वरची झाडे जाणार ती जावोत, पण वाऱ्याने खाली पडलेली त्यांची फळे आम्ही गोळा करून कुंपणाच्या आत पेरली तर? बाईंनी खांदे उडवले आणि हरणांच्या आधी पोचा, असे सांगितले.

मी आयसेलिनला फोन करून मुक्काम वाढल्याचे कळवले. पुढचे काही दिवस आम्ही त्या जुन्या ओकखाली ओणवे होतो. जाकिटाचे खिसे, दशम्यांचा डबा, मैत्रिणीच्या उशीचा अभ्रा, जे मिळेल ते भरून फळे आणली. किडकी फळे पाण्यावर तरंगतात आणि चांगली बुडतात, म्हणून भाचीने अपार्टमेंटचा बाथटब भरला. मी बाह्या सरसावून टबाच्या काठावर बसलो आणि भाताच्या झाऱ्याने तरंगती फळे काढू लागलो.

"मामाजी, माझा क्लास आहे! मला अंघोळ करू द्या न!"

"हे शेवटचे पाणी."

"मघा पण शेवटचंच होतं!"

बुडालेली फळे ओल्या भुशात घालून फ्रीजमध्ये गेली, कोथिंबिरीच्या शेजारी. मी आयसेलिनला परतलो, साठलेले अर्ज उरकले, आणि कुंपण उभे राहिल्याचा निरोप येताच पुन्हा बस पकडली. पिशव्या उघडल्या तेव्हा बऱ्याच फळांतून मुळाचे पांढरे टोक बाहेर डोकावत होते.

कुंपण माझ्या कल्पनेपेक्षा उंच होते. वनाधिकारी बाईंनी फाटक उघडून दिले आणि आम्ही तिघे आत पसरलो. पालापाचोळा सारायचा, काठीने भोक पाडायचे, फळ आडवे ठेवायचे, मूळ खाली येईल असे. वर माती, वर पाने. वर, कड्याकडे, जुन्या ओकच्या खोडांवर तोडीच्या निळ्या रंगाचे पट्टे ओढलेले दिसत होते. भाचीने तिकडे एकदा पाहिले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसली.

"मामा, उभं नको ठेवू. आडवं."

"आडवेच ठेवतो आहे."

"त्या दगडाजवळ नको. तिथं चिपमंकचं, त्या पट्टेरी खारीचं, बीळ आहे."

मी फळ उचलून दोन हात पलीकडे नेले. बाई फाटकापाशी कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या आणि अंधार पडण्यापूर्वी आम्ही बाहेर यावे, असे हाताने सुचवत होत्या. माझ्या पिशवीत अजून मूठभर फळे शिल्लक होती. मी त्यांना इंग्रजीत सविनय विनंती केली की आणखी थोडा वेळ मिळावा. त्यांनी कुलूप खिशात ठेवले, बाही वर केली आणि पिशवीत हात घातला.